‘कामाले गेली’ म्हणजे नेमकी कुठं गेली?



या पानावर आपण रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल, गरोदरपणातली काळजी असे विषय वाचता. या वेळचा विषय पाहून काहींना वाटेल, मुला-मुलींची तस्करी हा तर पोलिसांचा विषय, तो आरोग्याच्या पानावर कशाला? आम्हीही नोकरीत असताना कित्येक वर्षे असेच समजत होतो. ते समजणे किती महागात पडते, हे आधी सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होतो. दुपारच्या ड्यूटीला एक बाई एका मुलीला घेऊन आली. मुलगी पंधराची असेल-नसेल, पण केसपेपरवर बाईने वय सांगितले एकोणीस. नाव बाईनेच सांगितले, पत्ता बाईनेच सांगितला, पोटात कधीपासून दुखते तेही बाईनेच. मुलीच्या अंगावरून खूप जात होते. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास. डॉक्टर म्हणाले, भरती करा, रक्त चढवावे लागेल. बाई म्हणाली, “नाही सिस्टर, गाडी उभी हाये बाहेर. मी हिची मावशी हाओ, घरी नेतो.” आम्ही सलाईन काढत होतो तेव्हा मुलीने हळूच विचारले, “सिस्टर, हे गाव कोनतं?”

आम्हाला वाटले, अशक्तपणाने तिचे डोके चालत नाही. आम्ही हसून गावाचे नाव सांगितले आणि लोहाच्या गोळ्या तिच्या हातात दिल्या. गोळ्या बाईने घेतल्या. रजिस्टरमध्ये आम्ही नोंद केली: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या मर्जीने गेली.

त्या मुलीची मर्जी आम्ही विचारलीच नव्हती. तिचे पुढे काय झाले ते आम्हाला माहीत नाही. पण आपण कोणत्या गावात आहोत हे जिला माहीत नाही, जिच्या तोंडचे प्रत्येक उत्तर दुसरीच बाई देते आणि रक्त हवे असताना जिला कोणी घाईने घेऊन जाते, ती मुलगी आजारी नव्हे, अडकलेली आहे, हे ओळखायला आम्हाला पुढे फार वर्षे लागली. विकले गेलेल्या मुला-मुलीला बाहेरचे माणूस भेटण्याची जागा अनेकदा दवाखाना हीच असते. तिथे बसलेल्या माणसाला कळले नाही, तर ती संधी गेली.

तस्करी कशाला म्हणायचे?

तस्करी म्हटले की तोंडाला फडके बांधून पोत्यात घालून नेणारे गुंड डोळ्यांसमोर येतात. असे क्वचित घडते. कायद्याच्या भाषेत तीन गोष्टी एकत्र आल्या की ती तस्करी. पहिली, माणसाला मिळवणे, नेणे, ठेवणे किंवा कोणाच्या हवाली करणे. दुसरी, त्यासाठी वापरलेली युक्ती: धाक, फसवणूक, आमिष, अडचणीचा फायदा, किंवा पालकालाच पैसे देणे. तिसरी, हेतू: शरीरविक्रय, गुलामीसारखी मजुरी, भीक मागायला लावणे, अवयव काढणे. मूल असेल तर ‘ती खुशीने गेली’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये, म्हणजे जुन्या दंडविधानाच्या कलम ३७० च्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कलमात, पीडिताची संमती गैरलागू ठरवली आहे, मग तो सज्ञान का असेना. एका अल्पवयीन मुलाच्या तस्करीला किमान दहा वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. एकापेक्षा जास्त मुले असतील तर किमान चौदा वर्षे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी आपले संविधान आहे. अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार दोन्ही एकाच वाक्यात गुन्हा ठरवले. वेठ म्हणजे काय हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांतही एक जिवांचा, माणसांचा व्यापार आहे.

आपल्या जिल्ह्यात तो कसा येतो?

यवतमाळमध्ये तो बहुतेकदा मदत म्हणून येतो. घरात कापूस पिकला नाही, सावकाराचा तगादा आहे, बाप गेला, किंवा मुलगी दहावीत नापास होऊन घरी बसली आहे. अशा घरी कोणी नात्यातले, गावातले, ओळखीचे माणूस येते आणि म्हणते, “पोरीले नागपूरले चांगल्या घरी कामाले लावून देतो.” किंवा म्हणते, “जागा चांगली हाये, हुंडा नाही, उलट लग्नाचा खर्च तेच करतेत.” आईला वाटते, कोणीतरी आपली दखल घेतली.

लग्नाच्या वाटेवर थोडे थांबू, कारण तिच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा या भागांत मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी झाली आणि विदर्भातल्या गरीब घरांतून मुली ‘सून’ म्हणून नेणाऱ्या दलालांना बाजार मिळाला. हुंडा मागत नाही म्हणून आपण खूश होतो. आम्ही म्हणतो, हुंडा न मागणारा नवरदेव चांगलाच, पण हजार किलोमीटरवरून येऊन, मुलीला एकदा पाहून, आठ दिवसांत लग्न उरकून, मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवणारा नवरदेव कोण आहे, हे विचारायचे की नाही? मुलाचे गाव, तालुका, घरचे लोक कोणी पाहिले? लग्न बुद्धविहारात न होता परस्पर दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा मंदिरात का होणार आहे? मुलगी अठरा पूर्ण आहे का? तिथे गेल्यावर भाषा येत नाही, जवळ पैसा नाही, मोबाईल सासूकडे. आपल्याला कोणत्या भावाने ‘आणले’ हे तिला भांडणात ऐकवले जाते, तेव्हा तिला कळते की ते लग्न नव्हते.

दुसरी वाट मजुरीची. पुसद, महागाव, उमरखेडकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे घाईने लग्न लावून दिले की कोयत्याची जोडी पूर्ण होते, असाही हिशेब चालतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘उचल फिटल्याशिवाय जाता येणार नाही’ असे म्हणून माणसाला अडवून ठेवणे हा वेठबिगार (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार गुन्हा आहे आणि वेठबिगारीचे कर्ज कायद्याने रद्द झालेले आहे. वेठबिगार म्हणून तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडून मुक्तता प्रमाणपत्र मिळाले की पुनर्वसनाची मदत मिळते. सर्वसाधारण पुरुष मजुराला एक लाख, स्त्री आणि मुलांना दोन लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणाच्या गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये, अशी केंद्राची योजना आहे.

मुलगेही विकले जातात, हे आपण विसरतो. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी विहिरी खोदणाऱ्या अकरा मजुरांना सोडवले. दिवसभर विहिरीत काम आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून पायात साखळी. त्यांतला एक जण निसटला आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या पोलिसांकडे गेला, म्हणून बाकीचे सुटले. हिंगोली म्हणजे आपल्या पुसद-उमरखेडच्या सीमेला लागून. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीतली दहा वर्षांची मुलगी दवाखान्यात मरण पावली, तेव्हा कळले की त्या वस्तीतली मुले थोड्याशा पैशांवर आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेली होती. आईबापांना कोणी राक्षस म्हणेल. आम्ही म्हणत नाही. मुलाला निदान दोन वेळचे खायला मिळेल, एवढेच त्यांना वाटले असेल. दलाल याच वाटण्यावर जगतो.

तिसरी वाट आपल्या शिकलेल्या मुलांची आहे. पदवी झाली, नोकरी नाही, आणि मोबाईलवर जाहिरात येते: थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, पगार लाखाच्या घरात, विमानाचे तिकीट आम्ही काढतो. तिथून सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाईन फसवणुकीच्या अड्ड्यावर बसवतात. दिवसाचे लक्ष्य पूर्ण झाले नाही तर मारहाण, विजेचे झटके. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणले. परदेशी नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदणीकृत आहे का, हे मोबाईलवर पाच मिनिटांत पाहता येते. आणि नोकरीसाठी कोणी पर्यटन व्हिसावर पाठवत असेल, तर पुढे काही बघायचीही गरज नाही.

आणि एक वाट आहे, जिच्यात मुलीला कुठे न्यावेही लागत नाही. झरी-जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडांवरच्या ‘कुमारी माता’ हा विषय वर्तमानपत्रांत आला, विधिमंडळात गाजला. बाहेरून कामे घेऊन आलेले ठेकेदार, वाहनवाले, व्यापारी. लग्नाचे वचन, थोडा पैसा, एखादा मोबाईल. मूल झाले की माणूस गायब. आम्हाला तर ‘कुमारी माता’ हा शब्दच खटकतो. त्यात आईची ओळख आहे, त्या बापाचे नाव कुठेच नाही. त्यांतल्या कितीतरी मुली अल्पवयीन होत्या आणि अल्पवयीन मुलीशी संबंध हा पोक्सो कायद्याने, २०१२ पासून, सरळ गुन्हा आहे. अशी मूल घेऊन एकटी पडलेली, जात-पंचायतीने वाळीत टाकलेली मुलगी म्हणजे दलालासाठी तयार सावज. आपण म्हणाल, तो आदिवासींचा प्रश्न. आपल्या वस्तीत अशी एखादी मुलगी आहे का, आणि तिला आपण विहारात पहिल्या रांगेत बसवतो का, हे आधी आपापल्या मनाशी पाहू.

अफवा आणि खरा धोका

व्हॉट्सअॅपवर ‘मुले पळवणारी टोळी आली’ असा व्हिडिओ दर वर्षी फिरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी, सोलापूर जिल्ह्यातून आलेली. भटक्या माणसाला पाहून आपण काठ्या काढतो आणि ओळखीच्या माणसाबरोबर मुलीला विनाचौकशी गाडीत बसवतो. हे उलटे आहे. अनोळखी माणसाबद्दल संशय आला तर ११२ ला फोन करा, हात उगारू नका. ओळखीच्या माणसाला मात्र प्रश्न विचारायला लाजू नका.

काय पाहायचे?

घरात आणि गल्लीत दिसणाऱ्या खुणा साध्या असतात. शाळेतून नाव कमी न करताच मुलगी येईनाशी होते. तिच्याकडे नवा मोबाईल, नवे कपडे येतात आणि कोणी दिले ते ती सांगत नाही. घरी कोणी नवी ‘ताई’ येऊ लागते आणि आईबाप नसताना मुलीशी जास्त बोलते. कोणी मुलीचे आधार कार्ड, शाळेचा दाखला, फोटो ‘फॉर्म भरायला’ मागून नेते. कामाला गेलेली मुलगी फोनवर फक्त ‘बरी आहे’ एवढेच म्हणते, मागून कोणाचा तरी आवाज येतो, फोन नेहमी दुसऱ्याच नंबरवरून येतो. मुलगा दोन महिन्यांत एकदाही पैसे पाठवत नाही आणि मुकादम म्हणतो, हिशेब दिवाळीला.

आता आशा सेविका, अंगणवाडी सेविका, नर्स भगिनींसाठी. हे पान तुमच्यापैकी अनेकजणी वाचता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सोबतचे माणूसच सगळी उत्तरे देते. कागदपत्रे त्याच्याच खिशात. मुलगी वय सांगताना पाठ केल्यासारखे सांगते, पण जन्मसाल विचारले की अडखळते. पाळी कधी आली विचारले तर आधी सोबतच्या माणसाकडे पाहते. वारंवार गर्भपात, वारंवार पांढरे पाणी, ओटीपोटात दुखणे, लघवीची जळजळ. जुने, वेगवेगळ्या वयाचे वण, सिगारेटचे चटके. मुलगा असेल तर चुन्या-सिमेंटने फाटलेले तळहात, वीटभट्टीच्या धुळीने जुना झालेला खोकला, वाढत्या वयात घटलेले वजन. आपल्या भागात आणखी एक खूण आहे, ती पुस्तकात सापडणार नाही. सिकलसेलची मुलगी सांधे धरून वेदनेने कळवळत येते आणि तिच्याकडे कार्ड नाही, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या कधीच्या बंद. आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेल किती आहे, हे आपण जाणतो. घरी असती तर तिच्या आईने कार्ड जपून ठेवले असते. कार्ड नाही म्हणजे ती घरून कशी निघाली, हे विचारायला हवे.

एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. वयात आलेल्या मुलीसोबत खरी मावशीही येते आणि तीही बडबड करते. पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर मुलीला एकटे भेटा. लघवीची तपासणी आहे, वजन करायचे आहे, आत पुरुष किंवा नातेवाईक चालत नाहीत, असे कोणतेही साधे कारण सांगा. आत नेल्यावर ‘तुला विकलंय का?’ असे विचारू नका. विचारा: जेवलीस का? रात्री कुठे झोपतेस? आईशी शेवटचे कधी बोललीस? इथून घरी जायचे असेल तर जाऊ शकतेस का? ती काही बोलली नाही तरी तुमचे नाव आणि १०९८ हा नंबर तिच्या कानावर पडू द्या. कागदावर लिहून देऊ नका, तो कागद सापडला तर मार तिलाच बसेल. सोबतच्या माणसाशी तिथल्या तिथे भांडूही नका. डॉक्टरांना सांगा, भरती करून घ्या, आणि बाहेर येऊन फोन करा. मूल अठराखालचे आहे आणि लैंगिक अत्याचाराची शंका आहे, तर कळवणे हा उपकार नव्हे, पोक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे.

जाण्याआधी

मुलींना घरात डांबून ठेवा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. कोणी या लेखाचा तसा अर्थ काढला तर आमचे सगळे लिहिणे वाया गेले. मुलींनी नर्सिंगला जावे, पोलीस भरतीला जावे, पुण्याला कंपनीत जावे. आम्ही स्वतः गाव सोडून शिकलो, म्हणून चार अक्षरे लिहितो आहोत. प्रश्न जाण्याचा नाही, नोंद न ठेवता जाण्याचा आहे.

काही वस्त्यांतल्या महिला मंडळांसोबत आम्ही एक वही सुरू केली आहे. विहारातच ठेवतो. कामाला, लग्न होऊन किंवा शिकायला बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, जाण्याची तारीख, नेणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याचा फोन, गाडीचा नंबर, पोहोचण्याचा पूर्ण पत्ता, आधारची झेरॉक्स, अलीकडचा फोटो. आपल्याकडे माणूस यवतमाळवरून धामणगाव किंवा वर्ध्याला गाडी धरतो, पांढरकवड्याला हैदराबादच्या महामार्गावर चढतो, वणीहून आदिलाबादकडे जातो, नाहीतर पुसदवरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला. कोणत्या वाटेने गेले तेही लिहा. खरे काम करणारा मुकादम नाव सांगायला घाबरत नाही. जो म्हणतो ‘वहीत कशाले लिहिता मावशी, मी काय परका हाओ?’ त्याचे नाव आधी लिहा.

घरात एक खुणेचा शब्द ठरवा. मुलीने फोनवर ‘काळ्या गाईला चारा घातला का?’ असे विचारले आणि घरी गाईच नसेल, तर समजावे, ती अडचणीत आहे. आई-वडिलांपैकी एकाचा नंबर तिला पाठ असला पाहिजे. मोबाईलमध्ये साठवलेला नंबर मोबाईल हिसकावला की जातो. आणि १०९८ हा मुलांसाठी, १८१ महिलांसाठी, ११२ तातडीच्या मदतीसाठी, हे तीन नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे आणि अठराखालच्याला धोक्याच्या कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, हेही त्याच भिंतीवर.

हरवली तर

इथे आपण सगळ्यात मोठी चूक करतो. मुलगी घरी आली नाही की आपण दोन दिवस नातेवाइकांत शोधतो, तिसऱ्या दिवशी मांत्रिकाकडे जातो (हो, अजूनही जातात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही), आठव्या दिवशी पोलिसांत. कारण एकच, अब्रू. आठ दिवसांत मुलगी तीन राज्ये पार करते.

त्याच दिवशी जा. अठराखालचे मूल हरवले असेल तर पोलिसांनी नुसती हरवल्याची नोंद करून चालत नाही. अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सांगितले आहे. हद्द आमची नाही असे कोणी म्हटले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवा म्हणा, तो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. ‘पळून गेली असंन, येईन दोन दिवसांत’ हे वाक्य एका ठाण्यात आम्हीही ऐकले आहे. तरीही नोंद होत नसेल तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. जिल्ह्याच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाला कळवा. मुलगी अठराच्या वरची असेल तर पोलीस ‘मिसिंग’ घेतात. त्या अर्जात एजंटचे नाव, दिलेले आमिष, पैशांचा व्यवहार आणि ‘तस्करीचा संशय’ हे शब्द स्पष्ट लिहा. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची आणि नेणारा बाहेरचा असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लागतात का, हेही विचारा. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि तस्करीचे पीडित यांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता.

परत आल्यावर

सुटका झालेले मूल आधी बाल कल्याण समितीपुढे जाते, समिती ठरवील तोवर बालगृहात राहते. ‘आमची पोरगी आम्हाले का देत नाही’ म्हणून तिथे भांडू नका. काही वेळा विकणारा घरातलाच असतो, म्हणून समिती आधी घराची चौकशी करते.

तब्येतीचे मात्र लगेच पाहायचे. लैंगिक अत्याचार झाला असेल तर शासकीय काय आणि खासगी काय, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलाच्या तपासणीसाठी एफआयआर आधी झालाच पाहिजे असे नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते. दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने बंद केली आहे. कोणी केली तर तक्रार करा. घटना ताजी असेल तर एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितके चांगले. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळीही लवकरात लवकर. त्याच वेळी अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नाही. घटना जुनी असेल तरी गर्भाची चाचणी, एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ ब, क्षयरोग आणि हिमोग्लोबिन तपासा. एचआयव्हीची चाचणी एकदा चांगली आली म्हणून थांबू नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा. अल्पवयीन किंवा अत्याचारपीडित मुलीला गर्भ राहिला असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात होतो, त्यासाठी भोंदूकडे किंवा जडीबुटीवाल्याकडे नेऊन मुलीचा जीव घालवू नका. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये एकाच जागी डॉक्टर, पोलीस आणि समुपदेशकाची मदत मिळते.

मनाचे घाव मात्र रक्ततपासणीत दिसत नाहीत. परत आलेली मुलगी रात्री झोपत नाही, दार लागले की दचकते, लहान भावाला मारते, आणि कधी कधी ज्याने विकले त्यालाच फोन करते. आई म्हणते, हिलाच तिथे आवडत होते. तसे नसते. जिथे मारणारा आणि जेवण देणारा एकच माणूस असतो, तिथे मन असे विचित्र बांधले जाते. ते सुटायला महिने लागतात. टेलीमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब आपल्याच समाजातल्या देवदासी, जोगतिणी, आराधिणींसमोर बोलले आणि ते जीवन सोडा म्हणून सांगितले. ज्यांच्याकडे पाहून आपल्यातले लोक मान वळवत होते, त्यांच्याशी ते समोरासमोर बोलले, हे आम्ही विसरू शकत नाही. म्हणून एक विनंती. मुलगी परत आली की तिला ‘काय काय झालं’ विचारायला घरी रांग लावू नका. तिचे नाव, फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. अत्याचारपीडित मुलीची ओळख उघड करणे गुन्हा आहे, मग ते सहानुभूतीने का असेना. तिला पुन्हा शाळेत घाला. वय उलटले असेल तर सतरा क्रमांकाचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा.

आणि गोळ्यांचे एक सांगायचे राहिले. एचआयव्ही टाळण्याचा कोर्स २८ दिवसांचा असतो. मळमळ होते, मुलगी आठव्या-दहाव्या दिवशी सोडून देते, आणि गोळ्या संपल्या की पुन्हा दवाखान्यात एकटी जायला घाबरते. तेव्हा महिला मंडळाने वहीच्या मागच्या पानावर २८ चौकोन आखावेत, तिच्या नावाशिवाय. रोज संध्याकाळी कोणीतरी एकजण तिच्या घरी जाऊन बसावे, गोळी जेवणानंतर घेतली का ते पाहावे, आणि एका चौकोनावर खूण करावी.